गाडीचे दिवे चालू ठेवणाऱ्या जीपवाल्या भाऊंना

भाऊ, रामराम.

तुमचं नाव लिहीत नाही. "नाव नका टाकू गुरुजी, उद्या सगळे रात्री-बेरात्री बोलावतील," असं तुम्हीच म्हणालात. हसत म्हणालात, पण बोलावलं तर तुम्ही जाल हे मला माहीत आहे, म्हणून खरंच टाकत नाही.

आई बरी आहे. चढावर अजून दम लागतो, पण शेकोटीपाशी बसून पोरांवर ओरडण्याइतका आवाज परत आलाय. त्या रात्रीला आता तीन आठवडे होतील. रोज लिहीन म्हणतो आणि रोज संध्याकाळी राहून जातं. आमच्या खोऱ्यात पौषात ऊन उशिरा उतरतं आणि चार वाजायच्या आत डोंगराआड जातं. तेवढ्या उन्हावर सोलरची बॅटरी काय भरणार? नऊच्या सुमारास बल्ब लाल होतो आणि वही मिटावी लागते. आज रविवार, म्हणून दुपारीच बसलोय.

धडगाव तालुक्यातला हिवाळा वाचणाऱ्यांना माहीत असेलच असं नाही. शेजारच्या अक्कलकुव्यातल्या डाबला दव गोठलं की पेपरात फोटो येतात आणि लोक कौतुकाने बघतात. इथे मात्र सकाळी झऱ्यावर हंडा बुडवताना बोटं बधिर होतात, ओलं सरपण पेटता पेटत नाही आणि झोपडीभर धूर कोंडतो. त्या धुरानेच आईचा दमा उठतो. वाफेचं मशीन घरात आहे, पण ते चालवायला लाइट नाही. तोंडात मारायचा पंप थंडीत आधी मुठीत धरून गरम करावा लागतो, नाहीतर औषध धड बाहेर येत नाही. दळणाचं तर तुम्हाला ठाऊकच आहे. बाया घट्टीवर मका दळतात, आम्हा मास्तर लोकांना तेवढा जोर नाही, म्हणून आमचं पोतं तुमच्या गाडीतून चक्कीला जातं.

त्या रात्री पंपाने भागलं नाही. आईचे ओठ काळे पडायला लागले तेव्हा मी रेंजच्या दगडावर चढलो. पहिला फोन जिथे करायचा असतो तिथे केला. त्यांनी गावाचं नाव तीनदा विचारलं आणि शेवटी म्हणाले, डांबर असेल तिथपर्यंत पेशंट आणा, मग बघू. दुसरा फोन एका गाडीमालकाला. दर बाजाराला आमच्याच लोकांना टपावर बसवून पैसे करणारा हा माणूस. त्याने आधी आकडा सांगितला आणि तो मी कबूल केल्यावर म्हणाला, सकाळी बघू. तिसरा तुम्हाला. तुम्ही एकच विचारलं, "बसता येतंय का त्यांना, की झोपवून आणताय?"

पाड्यावर उचलायला होतं कोण? दिवाळी झाली की तरणी माणसं ऊसतोडीला गुजरातेत जातात, ती होळीलाच परततात. मी स्वतः बीडचा, ऊसतोड्याचा पोरगा. कोयता बाहेर पडल्यावर गाव कसं दिसतं हे लहानपणापासून पाहिलंय. पण आपलंच माणूस उचलायला रात्री खांदे कमी पडतात तेव्हा पोटात काय होतं, ते या पौषात कळलं. दोन म्हातारे, बारावीचा एक पोरगा, तीन बाया आणि मी. झोळीत आडवं केलं की आईचा श्वासच अडकायचा. मग शाळेतली माझी खुर्ची दोन बांबूंना बांधली आणि तिच्यावर आईला बसवून निघालो. साडेचार किलोमीटर, मध्ये दोन नाले आणि शेवटचा तो चढ. अमावस्या जवळ आलेली, हातात एकच बॅटरी.

पहिला नाला ओलांडून वळलो आणि वर धारेवर उजेड दिसला.

आधी मला वाटलं कुणीतरी वणवा लावलाय. बारावीतला पोरगा म्हणाला, "सर, गाडी हाय." गाडीचा उजेड एरवी समोर जातो, दरीत उतरत नाही. तुमचा मात्र उतरत होता, थेट पायवाटेवर. तो कसा, ते वर पोचल्यावर कळलं. गाडी तुम्ही कडेला आणून तोंड खाली करून उभी केली होती आणि पुढच्या दोन्ही चाकांखाली धोंडे लावले होते. इंजिन चालू. तुमच्या गाडीची बॅटरी कशी आहे हे अख्ख्या पट्ट्याला माहीत आहे, थंडीत ती धक्क्याशिवाय सुरू होत नाही म्हणून तुम्ही रोज ती उतारावर लावता. इंजिन बंद करून दिवे ठेवले असते तर अर्ध्या तासात सगळंच थंड. म्हणून दोन तासांवर तुम्ही नुसतं डिझेल जाळत बसलात. आमची बॅटरी वळणाआड गेली की तुम्ही डिपर मारायचात. पुन्हा दिसली की थांबायचात. दुसऱ्या नाल्यात म्हाताऱ्या आबांचा पाय घसरला, आम्ही बराच वेळ खाली बसलो, तेव्हा तुम्ही मारतच राहिलात. आईला बोलता येत नव्हतं. तिने माझा हात दाबला आणि बोटाने वर दाखवलं.

पुढचं सगळं झालं ते झालं. धडगावला ऑक्सिजन लागला, दुसऱ्या दिवशी चांदसैली घाट उतरून नंदुरबार. डॉक्टरांनी, सिस्टरांनी त्यांचं काम चोख केलं, त्यांचेही आभार. पण रात्री दचकून जाग येते तेव्हा मला दवाखाना दिसत नाही, तो डिपर दिसतो.

नंदुरबार जिल्हा १९९८ साली धुळ्यातून वेगळा झाला, तो कारभार लोकांच्या जवळ यावा म्हणून. आमच्या रस्त्याचा कागद त्यानंतर किती टेबलांवरून फिरला याचा हिशेब मी सोडून दिलाय. मोठ्या गाड्यांतून पाहणीला येणारे साहेब डांबर संपतं तिथेच फोटो काढून परत जातात, आणि आमचे स्टाफमधले मित्र सांगतात, "बदली करून घे ना." चांगुलपणा म्हणजे काहीतरी मोठं असतं असं मलाही वाटायचं. तो चाकाखाली धोंडा लावून बसलेला असतो, हे काही ठाऊक नव्हतं.

तुम्ही पैसे घेतले नाहीत. मी दोनदा खिशात कोंबले, दोन्ही वेळा तुम्ही ते सीटवर ठेवून दिलेत. म्हणून आता वीस लिटरचा कॅन भरून शाळेच्या खोलीत ठेवलाय. घेऊन जा. नाही आलात तर आई स्वतः चढून येईन म्हणते, आणि ती येईलही.

ती तुमच्यासाठी बाजरीची भाकरी करणार आहे, आमच्याकडची, तीळ लावून. "त्या लेकराला जेवायला बोलाव," असं रोज म्हणते. अडचण एवढीच की घरात पीठ नाही. धडगावला जाताना तिला टेकायला दिलेलं दळणाचं पोतं अजून तुमच्याच गाडीत आहे. येताना तेवढं आणा.

तुमचा,
खालच्या पाड्यावरचा गुरुजी