विषय : इंजिन का तापते हे न शोधता पार्ट बदलत राहण्याबद्दल तक्रार

प्रति,
ग्राहक सेवा प्रमुख,
विभागीय कार्यालय, पुणे

आत्ताच आपल्या कॉल सेंटरचा फोन ठेवला. माझी तक्रार ‘समाधानपूर्वक बंद’ करण्यात आली आहे असे कळले. कोणाचे समाधान झाले, असे विचारले तर पलीकडची मुलगी म्हणाली, “सर, सिस्टम में क्लोज़ दिखा रहा है,” आणि त्याच दमात, दहापैकी किती गुण द्याल? गाडी दारात उभी आहे आणि इंजिन गार ठेवणारे कूलंट पुन्हा त्याच्या बाटलीवरच्या खालच्या रेघेखाली गेले आहे. इंदूरच्या आपल्या अधिकृत सेवा केंद्रात हिंदीत जे बोलायचे ते बोलून झाले. आपण पुण्यात बसता, म्हणून आता मराठीत लिहितो.

गाडी आपणच बनवली आहे, तेव्हा रेडिएटर म्हणजे काय इथपासून सुरुवात करत नाही. लक्षणे सांगतो. शहरात ही गाडी तापत नाही. मे महिन्यात भंवरकुआँच्या सिग्नलला एसी लावून उभी केली तरी तापमानाचा काटा मध्यावरून हलत नाही, आणि रेडिएटरचा पंखा सुरू झालेला कानाला ऐकू येतो. तापते ती ओंकारेश्वरहून परतताना, भेरूघाट चढताना. चढ अर्धा होतो न होतो तोच काटा वर सरकू लागतो. बाजूला घेऊन इंजिन बंद केले की बॉनेटखाली गुडगुड होते आणि बाटलीच्या तोंडातून कूलंट रस्त्यावर येते. एरवी गाडीखाली एक थेंब दिसत नाही, तरी पातळी उतरत राहते. प्रत्येक वेळी काटा लाल पट्ट्याला टेकण्याआधी मी थांबलो आहे. एकदा तर इंजिनची उष्णता आत ओढली जावी म्हणून भर दुपारी हीटर पूर्ण उघडून घाट काढला. सौ. शेजारी पदराने वारा घेत होत्या. हे मुद्दाम लिहितो, कारण आपल्या माणसांनी जॉब कार्डवर ‘ग्राहकाने तापलेल्या अवस्थेत गाडी चालवली’ असे परस्पर लिहून ठेवले आहे आणि त्याच वाक्याच्या आधारे वॉरंटी नाकारली आहे.

या लक्षणांवर आपल्या केंद्राने आधी काय बदलले? पंखा! रहदारीत गाडी थंड राहते म्हणजे पंखा आपले काम करतो आहे, एवढे तरी आपल्या प्रशिक्षणात शिकवत असतील अशी माझी समजूत होती. मोटर, रिले, मजुरी, सगळे बिलात. गाडी पुन्हा घाटात उकळली. मग थर्मोस्टॅट, म्हणजे तापल्यावर उघडून कूलंट रेडिएटरकडे सोडणारी झडप. तो बंद अवस्थेत अडकला असता तर राजेंद्रनगराहून राजवाड्यापर्यंत जातानाही काटा वर गेला असता. जुना थर्मोस्टॅट मी मागून घेतला (तो देतानाही कुरकुर झाली), घरी पातेल्यात दोऱ्याने टांगला, पाण्यात थर्मामीटर सोडला आणि गॅस लावला. त्याच्या अंगावर ८२ (अंश) कोरलेले आहे. ८२ ला उघडू लागला, पाणी निवल्यावर मुकाट्याने मिटला. चांगला थर्मोस्टॅट काढून चांगला थर्मोस्टॅट बसवल्याचे पैसे मी भरले आहेत.

तिसऱ्या खेपेस टेस्ट ड्राइव्ह झाली. कुठे? रिंग रोडवर, संध्याकाळी, एकटा माणूस, रिकामी गाडी. शेरा : ‘समस्या आढळली नाही.’ घाटात होणारी गोष्ट सपाटीवर आढळली नाही!

आता ज्या संवादामुळे हे पत्र लांबले तो. मी सर्व्हिस ॲडव्हायझरच्या टेबलासमोर बसलो होतो, सौ. मागच्या सोफ्यावर. मी शांतपणे म्हणालो की कूलिंग सिस्टमची प्रेशर टेस्ट करा आणि रेडिएटरचे झाकण वेगळे तपासा. त्याने मोबाइलवरून नजर न उचलता विचारले, “अंकल, गाड़ी आप चलाते हो या बेटा?” मी म्हणालो, मी. “तभी.” तभी म्हणजे काय, ते त्याने सांगितले नाही. मी पुन्हा प्रेशर टेस्टचे काढले. त्यावर त्याने शेजारच्या टेबलाकडे पाहून डोळा मिचकावला आणि म्हणाला, “यूट्यूब देखके आए हो?” मी म्हणालो, नाही, पिथमपूरच्या कारखान्यात निवृत्त होईपर्यंत कॉम्प्रेसर आणि कूलिंग टॉवरच सांभाळले. तर म्हणे, “वो अलग होता है अंकल. मई का महीना है, गर्मी में तो आदमी का भी दिमाग गरम हो जाता है, ये तो मशीन है.” शेजारचे टेबल हसले. गाडी न्यायला आलेले एक गृहस्थही हसले, नंतर माझ्याकडे पाहून खाली बघू लागले. मग त्याने शिपायाला हाक मारली, “अंकल को ठंडा पानी पिला.” पाणी आले. तेवढे मात्र मागितल्याबरोबर आले. सौ. उठून उभ्या राहिल्या आणि “चला” एवढेच म्हणाल्या. आमच्या घरात त्यांनी एकाच शब्दावर थांबणे फार क्वचित घडते, यावरून आपण अंदाज बांधावा.

मे महिना माळव्यात दरवर्षी येतो, साहेब. गाडी विकताना तो कॅलेंडरात होता.

आता जे आपल्या केंद्राने मला सांगायला हवे होते ते मी आपल्याला सांगतो. निम्मे पाणी आणि निम्मे ग्लायकॉल असे मिश्रण, म्हणजेच कूलंट, उघड्यावर १०७ अंशांच्या आसपास उकळते. झाकणाने १ बारच्या आसपास दाब धरला तर तेच उकळायला १२५ च्या पुढे जावे लागते. झाकणाची स्प्रिंग किंवा रबर गेले तर दाब धरला जात नाही, सपाटीवर कळत नाही, आणि घाटात जोर पडला की उकळून बाटलीवाटे बाहेर. कुकरची शिट्टी सैल झाल्यावर डाळ शिजत नाही, तितकेच हे साधे आहे. दुसरी शक्यता हेड गॅस्केटची, म्हणजे इंजिनचा ब्लॉक आणि वरचे हेड यांच्यामधली पट्टी फुटल्याची. तिथे सिलिंडरमधला वायू पाण्याच्या वाटेत शिरतो आणि कूलंट असेच बाहेर ढकलतो. दोन्हींत घाटात दिसणारे लक्षण एकच, खर्चात मात्र जमीन-अस्मानाचे अंतर. म्हणून तर तपासायचे असते! हातपंपाने दाब देऊन दाबमापकाचा काटा उतरतो का बघा. झाकण त्याच पंपावर लावून बघा. रेडिएटरच्या तोंडावरचा वायू चाचणीच्या निळ्या द्रावणातून ओढा. द्रावण पिवळे पडले तर गॅस्केट गेले. तेल दुधाळ झाले आहे का बघा, गार इंजिन सुरू करताच वरचा पाइप दगडासारखा घट्ट होतो का ते हाताने बघा. माझ्या पाहण्याप्रमाणे तेल स्वच्छ आहे आणि पाइप मऊ आहे. पण मी अंकल आहे.

यापैकी एकही चाचणी न करता मला हेड उतरवण्याचे पाच आकडी एस्टिमेट हातात दिले गेले. कशाच्या आधारावर, असे विचारले तर उत्तर : “पंखा, थर्मोस्टॅट हो गया, अब वही बचता है.” म्हणजे उरेल ते कारण. पंखा बदलायची गरज नव्हती हे मी वर लिहिलेच आहे. पुन्हा लिहितो, पंखा बदलायची गरज नव्हती.

कूलंटचेही ऐका. दर खेपेस बिलात ‘कूलंट टॉप-अप’ आहे. गुलाबी होते ते आता सरबताच्या तळाइतके फिके आहे. मागच्या बाजूला एक मुलगा बोअरच्या नळावरून कॅन भरताना मी स्वतः पाहिला. इथल्या बोअरच्या पाण्याने बादलीच्या कडेला जी पांढरी पुटे धरतात तीच रेडिएटरच्या बारीक नळ्यांत धरणार, आणि मग खरोखरच रेडिएटर बदलावा लागेल. तो कोणाच्या खात्यात टाकणार, हे आत्ताच कळवा.

एक मान्य करतो, गाडी धुता छान. स्वच्छतेत इंदूरचा पहिला नंबर आहे आणि आपल्या केंद्राने तो फारच मनावर घेतला आहे. प्रत्येक वेळी गाडी चकचकीत होऊन, आत अत्तर मारून परत आली. तापते ती तशीच.

याआधीची गाडीही आपलीच होती. तिने कधी त्रास दिला नाही, म्हणून ही घेतली, आणि माझ्या शब्दावर पुण्यातल्या मेहुण्यानेही घेतली. आता त्याचा फोन आला की मी विषय बदलतो. गणपतीत आमच्याकडे आरतीला अर्धे राजेंद्रनगर येते. प्रसाद घेताना लोक गाड्यांविषयी विचारतात, आणि मला खोटे बोलायची सवय नाही.

ही धमकी वाटत असेल तर वाटू द्या. खरी पुढे आहे. माझी मागणी अशी : वर लिहिलेल्या चाचण्या माझ्यासमोर व्हाव्यात, त्यांचे आकडे सही-शिक्क्यासह लेखी मिळावेत, स्कॅनर लावून गाडी भेरूघाटात नेऊन तापमान बघावे, पंखा आणि थर्मोस्टॅटचे पैसे परत करावेत आणि जॉब कार्डवरचे ते खोटे वाक्य काढावे. पंधरवड्यात काही झाले नाही तर मी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद करून इंदूरच्या जिल्हा ग्राहक आयोगात जाईन. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार याला ‘सेवेतील त्रुटी’ म्हणतात, तक्रारीला दोन वर्षांची मुदत असते आणि ५ लाखांपर्यंतच्या प्रकरणात शुल्क लागत नाही. निवृत्त माणसाजवळ वेळही भरपूर असतो. बिले, जॉब कार्डे आणि तो थर्मोस्टॅट, सगळे एका पिशवीत तयार आहे.

आपला ग्राहक (सध्या तरी),
राजेंद्रनगर, इंदूर

ता. क. : झाकण नवे आणून स्वतःच लावून बघावे म्हणून काल आपल्या पार्टच्या काउंटरवर गेलो. “अकेला नहीं आता अंकल, पूरा रेडिएटर लेना पड़ेगा.” आपल्याच कॅटलॉगमध्ये झाकणाला स्वतंत्र क्रमांक आहे, त्याच्याच पडद्यावर बोट ठेवून मी तो दाखवला. आता म्हणे ऑर्डर टाकली आहे. कधी येईल ते सिस्टममध्ये दिसत नाही.