आधी जाळी, मग बी

चोपडा,
मार्गशीर्ष वद्य पंचमी

प्रिय मित्रा,

सात महिन्यांत तुला एक ओळही लिहिली नाही, याची बोच मनात होतीच. परंतु काल परसात जे झाले ते तुझ्याखेरीज कोणाला सांगावे हे सुचेना. आईचा गुडघा बरा आहे, मीही ठीक आहे.

दिवाळीनंतर मी कोंबड्यांसाठी लसूणघास पेरला होता. आपल्या काळ्या जमिनीत पाणी साचले की त्याची मुळे कुजतात, म्हणून विहिरीकडची चढाची जागा निवडून वाफा उंच केला आणि बियाण्याला जिवाणूखत चोळले. पहिली कापणी ५० ते ५५ दिवसांनी करतात हे ठाऊक असूनही हिरवी लव पाहून मला धीर धरवला नाही आणि ३८व्या दिवशी मी खुराड्याचे दार उघडले. दोन सकाळींत बारा कोंबड्यांनी वाफ्याची माती केली. कोंबडी नुसती चरत नाही, उकरते. मुळाशी किडा असणारच, अशी तिची खात्री असते.

‘आधी जाळी, मग बी,’ असे तू म्हणाला होतास. चौकटीवर जमिनीपासून थोड्या उंचीवर जाळी ताणली की वर आलेले शेंडे तेवढे टोचले जातात आणि नख्या मुळापर्यंत पोहोचत नाहीत, हे तू भाकरी मोडता मोडता समजावत होतास आणि मी ‘गावरान कोंबडीला एवढे शास्त्र कशाला’ म्हणून वाद घातला, त्यावरून तू ताटावरून उठलास. ते अजून मला लागून आहे. मात्र हिरव्या चाऱ्यासाठी टाक्यात अझोला, म्हणजे पाण्यावर तरंगणारे नेचे, वाढवावा हे तुझे म्हणणे मला आजही पटत नाही. वैशाखात पारा ४४–४५ अंशांवर गेला की टाक्यातले पाणी तापते आणि अझोला तग धरत नाही.

आता पुन्हा पेरायचे, पण हंगाम उलटून चालला आहे. होळीपर्यंत मुळे खोल गेली नाहीत तर उन्हाळा हे पीक काढेल कसे, या विचाराने रात्री झोप लागत नाही. गतवर्षी हिरवे संपल्यावर आईने सरकीची ढेप घातली आणि ठेवलेल्या अंड्यांचे बलक शेवाळी निघाले, ते तुला आठवत असेल. शेजारचे जिभाऊ ज्वारी पेरायला सांगतात, पण तिचे कोवळे कोंब विषारी असतात, म्हणून मी नको म्हटले. तूर्त तांदुळजा, घोळ आणि कुडाला उलटी टांगलेली शेवग्याची फांदी यांवर भागवतो आहे. दाणा चालूच आहे, कारण नुसत्या पाल्यावर कोंबडीचे पोट भरत नाही.

तुझ्या बदलीचे कळले. वहिनींना नमस्कार, धाकटीला दहावीसाठी आशीर्वाद.

तुमच्या वाड्याच्या माळ्यावर जुन्या खुराड्याची तारेची जाळी पडून आहे. काकूंना एक शब्द कळवशील तर शनिवारी येऊन घेऊन जाईन. आणि चौकटीची उंची तू वीतभर म्हणालास की त्याहून कमी, तेवढे मात्र लगोलग लिही. या वेळी तुझ्याच मापाने करणार आहे.

तुझाच