माळ्यावरचा शनिवार

मॅडिसन, विस्कॉन्सिन
रविवार रात्र

ती. बाबा आणि आई यांस,
साष्टांग नमस्कार.

आई, आधी तुझ्याशी बोलते. तुझ्या गळ्यात तुळशीची माळ आणि तुझी लेक काल हरणाच्या शिकारीला जाऊन आली. बंदूक हातात धरली नाही, पण दिवसभर बंदुकीशेजारी बसले. फोनवर सांगितलं असतं तर तू पुढचं ऐकलंच नसतंस, म्हणून पत्र. बाबांना मोठ्यानं वाचायला लाव.

शेजारचे आजोबा तुम्हाला माहीत आहेत, मागच्या वेळी व्हिडिओवर हात हलवला होता ते. वय ७४, जन्म गाई-म्हशीत नव्हे पण गाईंत गेलेला. पश्चिमेला तासाभरावर डोंगरात त्यांचं रान आहे. यंदा गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, मुलगा लांब, आणि शिडी चढताना खाली कुणीतरी हवं. मी हो म्हणून बसले.

इथे नोव्हेंबरातल्या थँक्सगिव्हिंगच्या सणाआधीच्या शनिवारी बंदुकीचा हंगाम उघडतो आणि नऊ दिवस चालतो. एकट्या या राज्यात साडेपाच लाखांच्या आसपास लोक परवाना काढतात. आपली यात्राच म्हणा. पेट्रोलपंपावर पहाटे चार वाजता सगळे केशरी. अंगात केशरी जाकीट, डोक्यावर केशरी टोपी, असा झगझगीत रंग घालायचा नियमच आहे, म्हणजे माणसाला माणूस दिसावा. हरणाला तो रंग आपल्यासारखा भडक दिसत नाही म्हणे. मलाही एक घातलं. आरशात बघितलं तर दिंडीतली पताका.

आता बाबा, तुम्ही ऐका. झाडाला टेकवलेली लोखंडी शिडी आणि वर दोघांना बसायला फळी. आपला शेतातला राखणीचा माळाच की हो! कमरेला पट्टा बांधून झाडाला अडकवायचा, एवढंच जास्तीचं. खाली उतार, समोर ओकची झाडं. बाकीची पानं गळून गेलीत, ओकची मात्र तपकिरी होऊन फांदीलाच धरून राहतात आणि वारा आला की कागदासारखी वाजतात. थंडी उणे चार. आजोबांनी कठड्याला लोकरीचा एक धागा बांधला होता, वारा कुठून कुठे जातोय ते कळायला. सगळा खेळ त्या धाग्याचा. मी डब्यात दशम्या आणि ठेचा नेला होता. झाकण उघडल्याबरोबर त्यांनी धाग्याकडे बघितलं, मग माझ्याकडे, आणि हळूच म्हणाले, "आता पुढच्या तालुक्यातल्या हरणांनाही कळलं." म्हणाले 'काउंटी', पण तालुकाच समजा.

सूर्य उगवायच्या अर्धा तास आधीपासून बार काढता येतो. त्या अर्ध्या तासात लांबून चार-पाच बार ऐकू आले, मग सगळं चिडीचूप. पाचोळ्यात खारी पळतात आणि प्रत्येक वेळी वाटतं हरीणच आलं. खरं हरीण येतं तेव्हा आवाजच होत नाही. नऊच्या सुमाराला एक मादी आणि तिची दोन मोठी झालेली पाडसं समोर उभीच होती, कधी आली ते दोघांनाही कळलं नाही. आजोबांनी बंदूक उचलली नाही. का, ते मी विचारलं नाही, त्यांनीही सांगितलं नाही. एका पाडसानं पाय आपटला, पांढरी शेपूट उभी केली आणि तिघं गेली.

मग तासन्‌तास काही नाही. मला तुमचा माळा आठवत राहिला. शाळू पोटऱ्यात आला की रात्रीचे तुम्ही तिथेच, रेहेकुरीच्या अभयारण्याच्या बाजूनं काळविटं उतरायची म्हणून. मी जेवण घेऊन यायचे, वर चढून बडबड सुरू केली की तुम्ही नुसतं बोट ओठावर ठेवायचात. मला राग यायचा. हल्ली फोनवर तुम्ही "बरंय" म्हणून गप्प होता तेव्हाही यायचा. काल आजोबांशी नऊ-दहा तासांत वीस वाक्यं झाली असतील, आणि एकदाही अवघडल्यासारखं झालं नाही.

फरक एवढाच की तुम्ही डबा वाजवून हाकलायचात. शेत निम्मं खाल्लं तरी काळविटाला हात लावायचा नाही, १९७२ पासून कायदाच आहे आणि कायदा नसता तरी तुम्ही लावला नसता. इथे उलटं. या भागात लांडगे जवळपास नाहीत, हरणं मका खातात, गाड्यांखाली येतात, म्हणून सरकारच म्हणतं मारा. दोन्ही मला पटतं आणि दोन्ही पूर्ण पटत नाही.

साडेतीनला एक मादी एकटीच आली. आई, इथून पुढचं नको असेल तर बाबांना मनात वाचू दे.

एकच बार. ती साठेक पावलं पळाली आणि ओढ्याच्या काठाला पडली. आजोबा अर्धा तास जागचे हलले नाहीत, घाई केली तर घायाळ जनावर लांब पळतं म्हणाले. खाली गेल्यावर टोपी काढून उभे राहिले. पोट साफ करायला वाकता येईना, म्हणून मागचा पाय मी धरला. खूर थंड होता, मांडी गरम. वाफ निघत होती, आपल्याकडे थंडीत उकिरड्यातून निघते तशी. मी तोंड फिरवलं नाही. का नाही फिरवलं, ते तू विचारशील तेव्हा बघू.

आणि मांस आणलं का, तर नाही. २००२ पासून इथल्या हरणांत मेंदूचा एक रोग सापडतो, औषध नाही. माणसाला झाल्याचं सिद्ध नाही, पण रोगी जनावर खाऊ नका असं सांगतात. म्हणून मुंडकं पिशवीत घालून, चिठ्ठी बांधून, रस्त्याकडेच्या सरकारी पेटीत टाकून आलो, तपासणीला. निकाल येईपर्यंत सगळं त्यांच्या फ्रीझरमध्ये. चांगला आला तर अर्धं तुझं, असं ते म्हणालेत. मी अजून उत्तर दिलेलं नाही. स्वयंपाकघर तुझ्या देवांपासून आठ हजार मैलांवर असलं तरी विचारल्याशिवाय नाही.

बाबा, यंदा माळा घातलाय का? शिडीची तिसरी पायरी मी आले होते तेव्हाच हलत होती. ती आधी बदलून घ्या, मग चढा.

तुमची,
ताई