खाट नाकारली, त्याची नोंद कुठे?

माननीय संपादक महोदय,
स. न. वि. वि.

धर्मादाय रुग्णालयांतील राखीव खाटांचा विषय कुणाचा तरी जीव गेला की पेटतो आणि पंधरवड्यात विझतो. २०२५ मध्ये पुण्यातील एका गर्भवतीच्या मृत्यूने राज्य हादरले, रुग्णालयाने अनामत रक्कम मागितल्याचा आरोप झाला, चौकश्या झाल्या, अहवाल आले. त्या संतापात एक साधा प्रश्न मात्र मागेच राहिला. राखीव खाटांच्या अटी पाळल्या जातात की नाही, हे सरकारला कळते तरी कुठून?

नियम मुळात स्पष्ट आहेत. सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याच्या कलम ४१ कक खाली मुंबई उच्च न्यायालयाने २००६ मध्ये योजना घालून दिली. १० टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत, आणखी १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीच्या दरात, आणि बिलांच्या एकूण रकमेतील २ टक्के निर्धन रुग्ण निधीत. तातडीच्या रुग्णाला आधी दाखल करून घ्यायचे, अनामत मागायची नाही. यात संदिग्ध असे काहीच नाही.

पण किती निर्धनांवर उपचार केले, हे धर्मादाय आयुक्तांना कळवते रुग्णालयच. त्या तक्त्यात असतात ते दाखल झालेले रुग्ण. दारातून परत गेलेला त्यात कुठेच नसतो. तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला प्लास्टिकच्या पिशवीत जपून आणलेला नातेवाईक मी एका मोठ्या रुग्णालयाच्या खिडकीशी उभा पाहिला आहे. ‘त्या कोट्यातली खाट शिल्लक नाही’ एवढे तोंडी उत्तर त्याला मिळाले. कागदाला कुणी हातही लावला नाही, नाव विचारले नाही, वहीत एक ओळ पडली नाही. उद्या तो तक्रार करायला गेला, तर पुरावा काय दाखवणार? आणि महिनाअखेरीस तिथून गेलेल्या आकड्यांत तो दिसणार तरी कसा?

दुसरी बाजू जमिनीची. यांतल्या अनेक संस्थांना सरकारी जमीन नाममात्र भाड्याने मिळाली आहे. भाडेपट्टा महसूल खात्याकडे, राखीव खाटांचा हिशेब विधी व न्याय विभागाखालील धर्मादाय आयुक्तांकडे, रुग्णालयाची नोंदणी आरोग्य यंत्रणेकडे. तिन्ही कागद एका टेबलावर आणणे कुणाचे काम आहे, ते कुणीच सांगत नाही. सरकारी जमिनीवरच्या गृहनिर्माण संस्थेत कुणी परवानगीविना सदनिका विकली, तर जिल्हाधिकारी कार्यालय शर्तभंगाची नोटीस काढते. मोफत उपचारांच्या अटीवर जमीन घेऊन गरिबाला परत पाठवणे हा त्याहून मोठा शर्तभंग आहे, असे मी ठामपणे म्हणतो. पट्ट्याचे नूतनीकरण करताना ही अट तपासली गेली का, हे नागरिकाला सहज पाहता आले पाहिजे.

कायदा तोकडा पडतो, ही सबब चालणार नाही. दिल्लीत सवलतीची जमीन घेतलेल्या खासगी रुग्णालयांनी आंतररुग्ण विभागात १० टक्के आणि बाह्यरुग्ण विभागात २५ टक्के गरिबांवर मोफत उपचार केलेच पाहिजेत, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये कायम केले. जमिनीची सवलत आणि रुग्णसेवेचे बंधन एकमेकांपासून तोडता येत नाही, हे त्यातून पुरेसे स्पष्ट होते.

माझी मागणी मोठी नाही. राखीव खाट नाकारताना रुग्णालयाने वेळ, कारण आणि जबाबदार व्यक्तीची सही असलेली चिठ्ठी दिलीच पाहिजे आणि तिची प्रत धर्मादाय कार्यालयात गेली पाहिजे. सरकारी जमिनीवरील प्रत्येक रुग्णालयाचा भाडेपट्टा, त्यातल्या अटी, मुदत आणि भाडे जिल्हाधिकाऱ्यांच्या संकेतस्थळावर हवे. माहिती अधिकार कायद्याच्या कलम ४ नुसार अशी माहिती स्वतःहून देणे अपेक्षितच आहे, त्यासाठी अर्ज करण्याची पाळी येऊ नये. आणि पट्ट्याच्या नूतनीकरणाच्या फाइलीत खाटांचा तपासलेला हिशेब आणि नकाराच्या चिठ्ठ्या लावल्याशिवाय सही होऊ नये. ही तपासणी रुग्णालयाने पाठवलेल्या तक्त्यावरून न होता प्रत्यक्ष केसपेपर आणि बिले उघडून व्हावी.

येत्या अधिवेशनात महसूल, आरोग्य आणि विधी व न्याय या तिन्ही खात्यांच्या मंत्र्यांनी यावर एकत्रित निवेदन करावे. लोकप्रतिनिधींनी तो प्रश्न विचारावा आणि आपल्या वृत्तपत्राने त्याचा पाठपुरावा करावा, ही विनंती.

आपला विश्वासू,
एक वाचक