अचानक बरळणे हे वयाचे लक्षण नव्हे

महोदय,

२१ सप्टेंबरच्या जागतिक अल्झायमर दिनाच्या निमित्ताने स्मृतिभ्रंशावर बरेच छापून येते. यायलाच हवे, देशात साठीपुढच्या सुमारे ८८ लाख लोकांना तो असल्याचा अंदाज आहे. पण डिलिरियमबद्दल, म्हणजे आजारपणात अचानक येणाऱ्या भ्रमिष्ट अवस्थेबद्दल, मात्र कुणी अवाक्षर काढत नाही.

आमच्या शेजारच्या आजींचे खुब्याचे ऑपरेशन झाले. दुसऱ्याच रात्री त्या सलाईनची सुई उपसू लागल्या. ‘गोठ्याचं दार कुणी उघडं टाकलं?’ म्हणून आरडाओरडा. सकाळी नातवाला नावाने हाक मारली, दुपारी पुन्हा भरकटल्या. वॉर्डातून उत्तर मिळाले, ‘वय झालंय, आता असंच चालायचं.’ आणि हात पलंगाला बांधले! सुनेने हट्टाने रक्त तपासायला लावले, तर सोडियम ११८. असायला हवे किमान १३५. शिवाय लघवी तुंबलेली. दोन्हींवर उपचार झाल्यावर आजी हळूहळू ताळ्यावर आल्या.

स्मृतिभ्रंश वर्षानुवर्षे वाढत जातो. डिलिरियम मात्र काही तासांत किंवा एक-दोन दिवसांत उपटतो, दिवसभरात कमी-जास्त होतो आणि माणसाचे लक्ष मुळी ठरत नाही. रविवारपासून उलटे वार म्हणायला सांगा, शुक्रवारपर्यंत जाताजाता धागा सुटतो. कारण बहुधा मेंदूबाहेर असते: लघवीचा संसर्ग, न्यूमोनिया, शरीरातले पाणी कमी होणे, बद्धकोष्ठ, झोपेच्या किंवा साध्या सर्दीच्या गोळ्यासुद्धा. रोज घेणाऱ्याची दारू एकदम बंद झाली तरीही. ज्यांना आधीच स्मृतिभ्रंश आहे त्यांना धोका अधिक. नेमके त्यांच्याच बाबतीत ‘आजार वाढला’ म्हणून सोडून दिले जाते. आरडाओरडा करणाऱ्याकडे निदान लक्ष तरी जाते, गुंगीत गप्प पडून राहणाऱ्याकडे तेही नाही.

स्मृतिभ्रंशाच्या गोळ्या लक्षणे थोडी सावरतात, आजार बरा करत नाहीत. पण बी-१२ कमी असले किंवा थायरॉईड बिघडले तरी तशीच लक्षणे दिसू शकतात, म्हणून ते तपासल्याशिवाय स्मृतिभ्रंशाचा शिक्का मारू नये. डिलिरियममध्ये मूळ कारण शोधून ते दूर करणे हाच उपचार. सोबत चष्मा, कानाचे यंत्र, रात्री शांतता आणि उशाशी ओळखीचे माणूस. म्हणून रुग्णालयांनी अशा रुग्णाजवळ घरच्या एकाला रात्री थांबू द्यावे आणि डिस्चार्ज कार्डावर ‘डिलिरियम झाला होता’ असे स्पष्ट लिहावे; पुढच्या ऑपरेशनच्या वेळी भूल देणाऱ्या डॉक्टरांना ते आधीच कळायला हवे.

— एक निवृत्त परिचारिका, सातारा