शाळेतला एक कोपरा झाडायचा राहू द्या : शालेय शिक्षणमंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. शालेय शिक्षणमंत्री,
महाराष्ट्र राज्य

महोदय,

‘प्राण्यांचे अधिवास’ हा धडा आला की शाळेत भिंतीवर तक्ता चढतो. उंट वाळवंटात, पेंग्विन बर्फात, वाघ हिरव्यागार रानात. परीक्षेला ‘जोड्या लावा’, पाचपैकी पाच. हाच मुलगा मार्चमध्ये पेंचच्या वाटेवर नेला तर विचारेल, जंगल कुठंय, सगळी झाडं तर वाळलीत! दोष त्याचा नाही. नागपूरभोवतीचं रान पानझडीचं आहे. साग उन्हाळ्याच्या तोंडावर पानं टाकतो ती पाणी वाचवायला, आणि त्याच उघड्या रानात पळस पेटतो तेव्हा मैना, बुलबुल, शिंजीर मधासाठी त्याच्यावर तुटून पडतात. तक्त्यावरचं रान बाराही महिने हिरवं असतं, म्हणून मुलाला समोरचं रान ओळखू येत नाही.

जोड्या लावण्यातली खोट आणखी खोल आहे. त्यातून मुलाला अधिवास म्हणजे पत्ता वाटतो. बेडकाचा पत्ता काय लिहाल? अंडी आणि शेपटीवालं पिलू असेपर्यंत साचलेलं पाणी, पाय फुटल्यावर धानाचा बांध नि त्यावरचे किडे, उन्हाळ्यात बांधाखालची ओल. यातलं एक जरी गेलं, समजा बांधच सिमेंटचा झाला, तर डबकं भरलेलं असूनही बेडूक जातो. अन्न, पाणी, आडोसा आणि पिलं वाढवायची जागा, हे चारही एका जिवाच्या आवाक्यात असले तर तो अधिवास. हे एकदा कळलं की उंट-वाळवंट मुलं आपणहून समजून घेतात. उलटं मात्र होत नाही.

यावर उपाय म्हणून आपली यंत्रणा सहल काढते. प्राणिसंग्रहालयात प्राणी दिसतो, अधिवास दिसत नाही. जंगल सफारीत जीपांमधल्या साठ डोळ्यांना फक्त वाघ हवा असतो, तो दिसला नाही की दिवस फुकट. आमची मागणी सहल बंद करा अशी नाही. वर्षातून एकदा नवी जागा पाहण्याऐवजी एकच जागा वर्षात सहा वेळा पाहू द्या, एवढीच आहे. त्यासाठी शाळेच्या आवारातला ३ मीटर × ३ मीटरचा एक कोपरा पुरतो. अट एकच, तो कोणी झाडायचा नाही.

आज नेमकं उलटं चालतं. पानगळ सुरू झाली की रोज सकाळी पाचोळा झाडून कुंपणाशी ढीग लावतात आणि पेटवतात. परिपाठात पर्यावरणाची प्रतिज्ञा, मैदानात धूर. स्वच्छतेच्या आणि सुंदर शाळेच्या स्पर्धांत पाचोळा म्हणजे कचरा असं धरलं जातं, म्हणून मुख्याध्यापकही धजावत नाहीत. या स्पर्धांच्या गुणपत्रकात ‘राखीव पाचोळा-कोपरा असल्यास गुण’ अशी एक ओळ आपल्या सहीनं आली तर निम्मं काम तिथंच होईल.

कोपरा निवडताना अर्धा झाडाच्या सावलीत, अर्धा उन्हात असा घ्यावा. भिंतीला लागून नको, तिथं पाणी साचतं आणि विंचवालाही फट मिळते. कडेनं विटांची एक ओळ लावली की झाडणाऱ्या मावशींनाही हद्द कळते. आत १ मीटर × १ मीटरची चौकट आखायची: चार खुंट्या, ५ मीटर सुतळी, त्यातली ४ मीटर चौकटीला आणि उरलेली गाठींना. काटकोन साधला की नाही हे कर्णावरून पाहावं, दोन्ही कर्ण सारखे, सुमारे १४१ सेंटिमीटर, आले पाहिजेत. गणिताच्या सरांनाही बोलवा.

एका चौकटीला पाच मुलं. एक मोजणार, एक लिहिणार, एक भिंगवाला, एक तापमान घेणारा, एक नुसता पाहणारा. पाचवा वाया गेला असं वाटतं, पण बहुतेकदा उडून गेलेलं फुलपाखरू त्यालाच दिसतं. नावांच्या मागे लागू नये. आपल्याला नाव सांगता येणार नाही या धास्तीनं कित्येक शिक्षक मुलांना बाहेरच काढत नाहीत. पाय मोजायला लावा: सहा असले तर कीटक, आठ असले तर कोळ्याच्या गणगोतातला, प्रत्येक वळ्याला एक जोडी असली तर गोम, दोन जोड्या असल्या तर वाणी. पहिल्या पावसानंतर दिसणारा तो लाल मखमली मृगाचा किडा भिंगाखाली धरला की मुलं आठ पाय मोजतात, आणि किडा म्हणून ओळखलेला हा प्राणी कीटक नाहीच हे त्यांचं त्यांनाच कळतं. विदर्भातल्या शाळा जूनच्या अखेरीस उघडतात, त्यामुळे तो पाहायचा तर पहिल्या आठवड्यातच. तेव्हा मात्र आपण पुस्तकवाटपाचे फोटो काढण्यात गुंतलेलो असतो.

पुढच्या फेऱ्या सप्टेंबर, दिवाळीनंतर, जानेवारी, मार्च आणि एप्रिलचा पहिला आठवडा. वेळ दर खेपेला तीच, सकाळची. कधी आठला, कधी बाराला गेलात तर आकड्यांतला फरक ऋतूचा की घड्याळाचा, हे सांगता येणार नाही. काही सापडलं नाही तर शून्य लिहायचं. मुलं तो रकाना कोरा सोडतात, आणि वर्षअखेरीस ‘दिसला नाही’ आणि ‘पाहिलाच नाही’ यांतला फरक उरत नाही.

एप्रिलच्या फेरीला थर्मामीटर हवाच. ताप मोजायचा चालत नाही, तो ४२ अंशांच्या पुढं जात नाही आणि नागपूरच्या उन्हातली उघडी जमीन तर ५० च्याही वर जाते. प्रयोगशाळेतला ११० अंशांपर्यंतचा, लाल द्रवाचा घ्या, पाऱ्याचा नको. फुगा उघड्या मातीत ५ सेंटिमीटर खोल, मग तेवढाच पाचोळ्याखाली, दर वेळी तीन मिनिटं. माती कडक असेल तर आधी खिळ्यानं भोक पाडावं, नाहीतर काच तडकते. आकडा थर्मामीटर मातीत असतानाच वाचायचा, कारण बाहेर काढून वाचेपर्यंत तो बदलतो. हे दोन आकडे फळ्यावर शेजारी लिहिले की गांडूळ, गोगलगाय आणि बेडूक उन्हाळ्यात कुठं जातात हे वेगळं शिकवावं लागत नाही.

पाचोळ्यातले बारीक जीव काढायला नरसाळं करावं. दोन लिटरची बाटली वरच्या तिसऱ्या भागात कापून ते तोंड खालच्या भागात उलटं बसवायचं, त्यात भाजीच्या जाळीदार पिशवीचा तुकडा, वर दोन मुठी ओलसर पाचोळा. खालच्या भागाला काळा कागद, तळाशी ओला टिपकागद. वरून ऊब आली की जीव अंधाराकडे, ओलीकडे उतरतात. शाळांत हा प्रयोग फसतो तो एलईडी दिव्यामुळे, उजेड भरपूर पण ऊब नाही, पाचोळा कोरडाच होत नाही. जुना पिवळा बल्ब नसेल तर सकाळचं कोवळं ऊन दोन-तीन तास द्यावं. दुपारचं नको, जीव उतरण्याआधीच भाजून मरतात. मोजून झालं की सगळे परत कोपऱ्यात सोडायचे.

आवारात उंबर असेल तर शाळा श्रीमंत आहे. उंबर फोडून केंबरं काढू नयेत म्हणतात, इथं नेमकी तीच काढायची. फळ आडवं कापलं की आत बारीक फुलं दिसतात आणि त्यांच्यात इवल्या गांधीलमाश्या. उंबराचं फूल कोणाला का दिसत नाही, ते इथं उलगडतं. माशी फळाच्या टोकाच्या छिद्रातून आत शिरते, परागकण आणते, तिथंच अंडी घालते. ती नसेल तर उंबराला बी धरत नाही, उंबर नसेल तर तिला जागा नाही. त्याच फळांवर हरियाल येतो, आपला राज्यपक्षी, आणि रात्री वटवाघळं. पाचवीचं मूल एवढ्यावरून अन्नजाळं काढू शकतं. शाळेत झाडं लावायची तर गुलमोहर आणि कोनोकार्पस बस झाले, दोन उंबर लावा, पण इमारतीपासून लांब, मुळं पाया उचलतात.

अन्नसाखळी शिकवताना दोन चुका हमखास होतात. मुलं बाण उलटा काढतात, खाणाऱ्याकडून खाल्ल्या जाणाऱ्याकडे. बाण ऊर्जेचा आहे, तो खाणाऱ्याच्या तोंडाकडे जातो, हे हातानं करून दाखवल्याशिवाय बसत नाही. त्यासाठी ज्वारीचे १००० दाणे मोजा. गवत झालेल्या मुलाकडं हजार, नाकतोड्याकडं १००, बेडकाकडं १०, सापाकडं एक. मग सापाला खाणाऱ्या मोराला काय द्यायचं, हे वर्गालाच विचारा. शिकारी प्राणी थोडे का, याचं उत्तर त्या एका दाण्यात आहे. मुलं म्हणतात बाकीचे ९०० वाया गेले. वाया नाही. बरेचसे जगण्यात, हालचालीत, ऊब म्हणून खर्च झाले, आणि उरलेले वाळवी, बुरशी, गांडूळ यांच्या वाट्याला. दुसरी चूक ही की वाळवी-बुरशीवाले तक्त्यावर नसतातच.

पाण्याचं थोडक्यात. तलावाच्या काठाला बांबूला बांधलेली चहाची गाळणी आणि पांढरा ट्रे पुरे. मूल घोट्यापेक्षा खोल पाण्यात नको, आणि नाग नदी फक्त पुलावरून पाहायची. ट्रेमध्ये चतुराची पिलं आली तर पाणी बरं, नुसत्या रक्तासारख्या लाल अळ्याच आल्या तर प्राणवायू कमी. त्यांच्या अंगात हिमोग्लोबिन असतं म्हणून त्या तिथं तगतात. २० अंशांच्या पाण्यात लिटरला सुमारे ९ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, ३० अंशांना साडेसातच, तेव्हा उन्हाळ्यात मासे का मरतात हा प्रश्न इथंच घ्यावा.

आता आपल्या हातातलं. शाळेपासून चालत जाण्याजोग्या तळ्यावर मुलं न्यायची तरी सहलीचीच फाइल निघते. दोन किलोमीटरच्या आतल्या पायी भेटीला पालकांचं वर्षातून एकदाच संमतिपत्र आणि मुख्याध्यापकांची सही पुरेल, असं परिपत्रक काढा. सोबत बूट सक्तीचे, वीस मुलांमागे एक मोठं माणूस, पाचोळा हातानं नव्हे काठीनं उलटायचा, आणि घरट्यांना, अंड्यांना हात नाही, वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ प्रमाणे संरक्षित पक्ष्यांची घरटी, अंडी छेडणं हा गुन्हाच आहे. वेळ वेगळा काढायला नको. आनंददायी शनिवार आहे, दप्तराविना दिवस आहेत, ते रांगोळी आणि घोषवाक्यांतच संपतात. शिक्षकांचं प्रशिक्षण प्रोजेक्टरच्या खोलीत नको, सुतळी आणि भिंग घेऊन मैदानात अर्धा दिवस द्या. प्रश्नपत्रिकेत ‘जोड्या लावा’च्या जागी मुलाच्या स्वतःच्या नोंदवहीतला एक प्रश्न असू द्या: पहिल्या आणि मार्चच्या फेरीच्या नोंदींत काय बदललं, का? नक्कल करता येत नाही, एवढा तरी फायदा.

डिसेंबरात हिवाळी अधिवेशनाला आपण नागपुरात असाल. तेव्हा अंबाझरी-गोरेवाड्याच्या तलावांवर उत्तरेकडून आलेली बदकं असतात. एक सकाळ साडेसहाला या. ताफा फाटकाबाहेर थांबवा, अत्तर लावू नका, मधमाश्या चवताळतात. येताना एखाद्या जिल्हा परिषद शाळेतली पाच मुलं सोबत घ्या. सुतळी आम्ही आणतो.

आपले,
नागपुरातील परिसर अभ्यास शिकवणारे काही शिक्षक व निसर्ग अभ्यासक