सिग्नेचरमधली ती ओळ ज्याची त्याला ठरवू द्या

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

ऑफिसच्या मेलखाली नावाशेजारी ‘शी-हर’, ‘ही-हिम’ अशी प्रोनाउन्स, म्हणजे आपल्याला ती म्हणायचं की तो हे सांगणारी सर्वनामं, लिहिण्यावरून तुमच्या सदरात पत्रं येतायत. एका वाचकांनी याला परदेशी थेरं म्हटलं, त्यावर दुसऱ्यांचं उत्तर आलं की जे लिहीत नाहीत त्यांची मनं कोती. मला दोन्ही पटलं नाही म्हणून लिहायला बसले. मी ठाण्याला वर्तकनगरात राहते, ऐरोलीत शिपिंगच्या कागदपत्रांचं काम करणाऱ्या एका बॅक ऑफिसात टीम सांभाळते, आमचा अख्खा दिवस मेलवर जातो, समोरचा माणूस रॉटरडॅमला नाहीतर जेनोआला, त्याचं तोंड कधी दिसत नाही.

थेरं म्हणणाऱ्यांना आधी एवढंच सांगते की याचा अगदी साधा उपयोग आहे. आमच्याकडे किरण दोन आहेत, एक पुरुष एक बाई, शिवाय हरप्रीत आहे, शशी आहे, आणि परदेशातल्या माणसाला तर सुहास आणि सुहासिनीतला फरकही कळत नाही, त्यामुळे आमच्या सुहासला वर्षानुवर्षं ‘डिअर मिस’ म्हणून मेल येतायत. आपल्याकडूनही तेच होतं, अँड्रिया नाव दिसलं की आपण मॅडम लिहून मोकळे, जर्मनीत ते बरोबर असतं पण इटलीत अँड्रिया हे पुरुषाचं नाव. अशा वेळी खाली छोटी ओळ असली की काम सोपं होतं, यात कुठला वाद नाही की कुठली चळवळ नाही.

वाद सुरू होतो तो वरून हुकूम आला की. २०२१ च्या सुमारास लिंक्डइन, झूम, इन्स्टाग्राम सगळ्यांनी प्रोनाउन्सची जागा दिली, ती ऐच्छिक होती, ज्याला भरायचंय त्याने भरावी. मग कंपन्यांना वाटलं आपणही मागे राहायला नको. आणि २०२५ च्या जानेवारीत अमेरिकेत ट्रम्प यांनी आल्या आल्या ऑर्डर काढली की सरकार स्त्री आणि पुरुष ही दोनच लिंगं मानेल, महिना संपायच्या आत तिथल्या बऱ्याच सरकारी खात्यांत लोकांना सांगितलं गेलं की ३१ तारखेच्या संध्याकाळपर्यंत सहीतले प्रोनाउन्स काढून टाका. त्याआधी २०२३ मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या हॉटन युनिव्हर्सिटीत होस्टेल सांभाळणाऱ्या दोघांनी ती ओळ काढायला नकार दिला आणि त्यांची नोकरी गेली. युनिव्हर्सिटीचं म्हणणं सगळ्यांच्या सह्या एकसारख्या हव्यात, आणि त्या दोघांतल्या एकाचं म्हणणं काय होतं तर माझ्या नावावरून लोक मला बाई समजतात म्हणून मी लिहितो! म्हणजे आमच्या सुहासचीच अडचण, आणि त्यापायी माणूस घरी बसला.

हे सगळं तिकडचं झालं, पण ऐरोली, महापे, वागळे इस्टेटमधल्या कितीतरी ऑफिसांचं हेडऑफिस तिकडेच आहे, तिथून टेम्प्लेट येतो आणि आपण तो चिकटवतो. तिकडे वारं फिरलं की इकडे ओळ वाढते नाहीतर गायब होते, इथे बसलेल्या माणसाला कोणी विचारत नाही.

आमच्याकडे असाच टेम्प्लेट आला होता. नाव, हुद्दा, एक्स्टेन्शन, पत्ता आणि त्याखाली प्रोनाउन्सचा ड्रॉपडाउन, तीन पर्याय, रिकामं सोडलं तर सेव्हच होत नव्हतं. बहुतेकांनी दोन सेकंदात क्लिक केलं आणि विसरून गेले. आमच्या फ्लोअरवरच्या एका व्यक्तीला मात्र ते जमेना. ती जुन्याच सहीने मेल पाठवत राहिली, नुसतं नाव आणि हुद्दा, आणि दर सोमवारी सिस्टिमकडून तिला आठवण यायची, मॅनेजर सीसीमध्ये. शेवटी एकदा स्टेशनवर गाडीची वाट बघताना तिने मला सांगितलं, "मॅडम, खरं काय ते लिहिलं तर घरी कळेल, माझे मामा याच पार्कात दुसऱ्या कंपनीत आहेत, त्यांच्या टीमशी आमचे मेल चालतात. आणि दुसरं लिहिलं तर रोज स्वतःच्या हाताने खोटं लिहायचं." यावर मी काय उत्तर देणार होते? एचआरकडे गेले, ती जागा रिकामी ठेवता आली पाहिजे एवढंच मागितलं, बरेच महिने गेले पण झालं. ज्यांच्यासाठी म्हणून ही ओळ आणली त्यातल्याच एकाला ती सक्तीने कोपऱ्यात ढकलत होती हे एचआरच्या डोक्यातच आलं नव्हतं, कारण त्यांच्याकडे शंभर टक्के भरल्याचा रिपोर्ट वर पाठवायचा होता.

आता दुसऱ्या पत्रलेखकांना, म्हणजे न लिहिणाऱ्यांची मनं कोती म्हणणाऱ्यांना सांगायचंय. आमच्या शेजारच्या प्रोसेसमध्ये एक ट्रान्सजेंडर मुलगी लागली, हुशार, बिल ऑफ लेडिंगमधली, म्हणजे जहाजावर चढवलेल्या मालाच्या पावतीतली, चूक लांबून ओळखणारी. तिने सहीत ‘शी-हर’ स्वतःहून लिहिलं, तिला ते हवंच होतं. तर ज्या मुलांच्या स्वतःच्या मेलखाली प्रोनाउन्स होते त्यातलीच दोघंतिघं पँट्रीत तिची ती ओळ मोठ्याने वाचून हसायची, आणि मेलमध्ये ‘शी’ लिहून चहाला उठलं की "तो आला का रे" सुरू. याउलट आमचे अकाउंट्सचे काका, रिटायरमेंटला आलेले, सहीत एक अक्षर वाढवलं नाही आणि वाढवणारही नाहीत, पण तिला पहिल्या दिवसापासून "आलात का ताई, डबा आणलाय ना" असंच बोलणार. त्यांना मी कोत्या मनाचं कसं म्हणू? पँट्रीत हसणाऱ्यांना मात्र समज द्यायलाच हवी होती, ती कोणी दिली नाही.

आणि सगळ्यात जास्त ज्याची चीड येते ते सांगते. तिची शिफ्ट रात्री उशिरा सुटायची. रात्री साडेनऊनंतर बाईला कामावर ठेवायचं तर तिची संमती घ्यायची आणि घरापर्यंत पोचवायची सोय कंपनीने करायची, हे महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने आणि आस्थापना कायद्यात आहे. आमच्याकडे ट्रान्सपोर्ट डेस्कवर रोज रोस्टरचा कागद चिकटवलेला असतो, नाव, पिकअप, ड्रॉप आणि एक कॉलम एम किंवा एफ. ज्यांच्यापुढे एफ त्यांना शेवटची ड्रॉप द्यायची नाही आणि द्यावीच लागली तर गाडीत गार्ड बसतो. तिच्यापुढे एम होतं. म्हणजे मेलखाली ‘शी-हर’ लिहिलेली मुलगी मध्यरात्रीनंतर दिघा, कळवा करत सगळ्यांना सोडून शेवटी एकटी ड्रायव्हरबरोबर मुंब्र्याच्या पुढे जायची, गार्ड नाही. तिने विचारलं तर डेस्क म्हणतो एचआरच्या सिस्टिममधून येतं, एचआर म्हणतो आधारवर जे आहे ते, आधी कागद बदलून आणा. त्याच एचआरने सहीतल्या ओळीवर मोठं प्रेझेंटेशन केलं होतं, रंगीत स्लाइड, टाळ्या. रोस्टरमधलं एक अक्षर बदलायला कोणाला वेळ मिळाला नाही, आणि काही महिन्यांनी तिने नोकरी सोडली.

आपलं लिंग काय हे सांगायचा हक्क त्या माणसाचा स्वतःचा आहे हे सुप्रीम कोर्टाने १५ एप्रिल २०१४ च्या, ट्रान्सजेंडर व्यक्तींच्या हक्कांबद्दलच्या नालसा निकालात सांगितलंय, त्यामुळे हे सगळं काल अमेरिकेतून आलं असं नाही. संसदेने २०१९ मध्ये ट्रान्सजेंडर व्यक्तींसाठी कायदा केला, त्यात नोकरीत भेदभाव करायचा नाही हे तर आहेच, पण प्रत्येक आस्थापनेने एक तक्रार अधिकारी नेमायचा असंही आहे. कामाच्या ठिकाणी बायकांच्या लैंगिक छळाविरुद्धचा २०१३ चा पॉश कायदा आहे ना, त्याचा बोर्ड आता बहुतेक ऑफिसांत लिफ्टजवळ नाहीतर पँट्रीच्या दारावर असतो, कमिटीत कोण आहे ते त्यावर वाचता येतं. या २०१९ च्या कायद्यातल्या अधिकाऱ्याचं नाव मी तरी आमच्या बिल्डिंगमध्ये कुठल्याच भिंतीवर वाचलेलं नाही. त्या मुलीला दाद मागायला दार कुठलं तेच माहीत नव्हतं, आणि मी विचारत फिरले तेव्हा मलाही कोणी सांगू शकलं नाही.

म्हणून माझं मत असं की सहीतली ओळ सक्तीची नको आणि बंदीही नको, लिहायची तर लिहा, रिकामी सोडायची तर कोणी कारण विचारू नये, आणि ज्याने लिहिलीय त्याला कँटीनमध्येही तसंच हाक मारा. कंपन्यांना खरंच काही करायचं असेल तर रोस्टर, टॉयलेट, आयकार्ड आणि तक्रार अधिकारी यांच्यापासून सुरुवात करावी, ही कामं हेडऑफिसला न विचारता इथे ऐरोलीत बसून करता येतात.

तुम्हाला एक विनंती आहे. तुमचे वार्ताहर ठाणे, नवी मुंबईत रोज फिरत असतात. ऐरोली, महापे, बेलापूर आणि वागळे इस्टेटमधल्या कंपन्यांना त्यांनी विचारावं की २०१९ च्या कायद्याप्रमाणे तुमचा तक्रार अधिकारी कोण, त्याचं नाव ऑफिसात कुठे लावलंय, आणि मिळालेली उत्तरं जशीच्या तशी छापावीत.

आपली,
एक नोकरदार वाचक
वर्तकनगर, ठाणे